ओवीतील घर आणि काळ

घरात माणसे किती, कोणाचे वय काय आणि कोण कोणाचे कोण लागते, ही माहिती शिरगणतीच्या तक्त्यात लिहिता येते. पण लेक सासरी निघाली तेव्हा आईने डोळ्यांतले पाणी कसे आवरले, भाऊ भेटीस आला तेव्हा बहिणीच्या पायांना कसे बळ आले, नातवाची चाल पाहून आजीला कोणाची आठवण झाली, हे त्या तक्त्यात कोठेही सापडणार नाही. काळाचेही तसेच आहे. भिंतीवरचे घड्याळ तास मोजते आणि पंचांग तिथी सांगते. परंतु वाट पाहणाऱ्याचा एक दिवस केवढा लांबतो आणि सुखाची दहा वर्षे कशी भुर्रकन निघून जातात, हे घड्याळाला सांगता येत नाही. ते काम कवितेचे आहे.

कविता हे काम कसे करते ते पाहण्यासाठी आपल्याला फार लांब जावयास नको. मराठी भाषेत घराचे आणि सरत्या काळाचे चित्र काढणारी एक फार मोठी कविता आहे. ती कोणा एका कवीची नाही. ती रचणाऱ्या बहुतेक स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते आणि त्यांतील बहुतेकींची नावेही कोणी टिपून ठेवली नाहीत. ही कविता म्हणजे जात्यावरच्या ओव्या.

ओवी आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आला आहे. पुढे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवरील आपले भाष्य ओवीतच सांगितले. ज्या छंदाने बायाबापड्यांचे कष्ट हलके होत, त्याच छंदातून गहन तत्त्वज्ञान सांगता येते, हे त्यांनी दाखवून दिले. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत थोडा भेद आहे. ग्रंथातल्या ओवीला सामान्यतः चार चरण असतात. पहिल्या तिहींच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा चरण आखूड असतो. जात्यावरची ओवी अधिक मोकळी असते. बहुधा दोन लांब ओळी, शेवटी जुळणारे यमक, आणि बाकी सारा भार गळ्यावर. अक्षरे कमी पडली तर ‘बाई’, ‘सये’ असे एखादे संबोधन घालून गाणारी ती जागा भरून काढी.

ही गाणी जात्यावरच का जन्मली, हे जाते कसे चालते ते पाहिले म्हणजे ध्यानात येईल. जात्याला दोन वाटोळे दगड असतात. खालचा दगड स्थिर राहतो आणि वरचा त्याच्यावर फिरतो. वरच्या दगडाच्या मधोमध तोंड असते, तेथे धान्याची मूठ टाकावयाची. कडेला लाकडी खुंटा असतो, तो धरून दगड फिरवावयाचा. काम एकटीला जड जाई, म्हणून पुष्कळदा दोघी समोरासमोर बसत. सासू आणि सून, दोघी जावा, माय आणि लेक, किंवा शेजारणी. त्या दिवसापुरते पीठ त्याच दिवशी दळावयाचे असल्यामुळे हे काम पहाटेच सुरू होई. बाहेर अंधार, घरातील पुरुषमाणसे आणि मुले निजलेली, आणि दगडाची एकसारखी घरघर. त्या घरघरीने सूर धरून ठेवला आणि खुंट्याच्या फेऱ्याने ताल दिला. दिवसभर ज्या स्त्रीला चार शब्द मोकळेपणाने बोलावयाची सोय नव्हती, तिला या वेळी आपले मन उघडे करता येई. समोर कोणी माणूस नसले तरी जाते होतेच. म्हणून पुष्कळ ओव्यांतून ती जात्यालाच देव मानते, सखी मानते आणि त्याला आपले सुखदुःख सांगते.

आता या ओव्यांतले घर कसे आहे ते पाहू. ओव्यांचा आरंभ पुष्कळदा देवाच्या नावाने होतो. पहिली ओवी एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, असे करीत करीत गाणारी आपल्या माणसांकडे वळते. मग आई येते, बाप येतो, भाऊ येतो, मुले येतात. ओवीची या माणसांना हाक मारण्याची रीतही निराळी आहे. आईला ती ‘बया’ म्हणते. मुलगा तिचा ‘राघू’ होतो आणि मुलगी ‘मैना’. सासरी असलेल्या बहिणीला माहेरी नेण्यासाठी जो भाऊ येतो, त्याला ‘मुराळी’ असा खास शब्द आहे. नागपंचमी किंवा दिवाळी जवळ आली की बहीण दाराशी उभी राहून मुराळ्याची वाट पाहते. शेजारणीचा भाऊ आला, आपला अजून का आला नाही, या विचाराने तिचा जीव कासावीस होतो. वरवर पाहता ही एक साधी गोष्ट आहे. पण तिच्यातून किती गोष्टी कळतात! सासर दूर आहे. एकटीने माहेरी जाण्याची मुभा नाही. वर्षातून एकदोनदाच आईची भेट होते. आणि मुराळी आला नाही, तर ती भेट पुढच्या सणापर्यंत लांबते. यांतले काहीही ओवी उघड करून सांगत नाही. ती फक्त दारात उभी असलेली बहीण दाखविते. बाकीचे आपण ओळखावयाचे.

कवितेचे हे पहिले वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. गद्यात आपण म्हणू, ‘तिला माहेरची फार आठवण येत असे.’ कविता असे म्हणत नाही. ती एखादी वस्तू, एखादी जागा, एखादी हालचाल आपल्यापुढे ठेवते. उंबरठा, पाळणा, चूल, तुळशीवृंदावन, गावाबाहेरची वाट, बैलगाडी, भावाने आणलेली चोळी, बाळाच्या पायांतले वाळे, असल्या घरगुती वस्तूंनी ओव्यांचे जग भरलेले आहे. उंबरठा ही तर केवळ लाकडाची पट्टी. पण लेक तो ओलांडून गेली की त्याच घरात ती पाहुणी होते. म्हणून ओवीत उंबरठ्याचे नाव आले की घर आणि ताटातूट ही दोन्ही एकदम आठवतात.

आता काळाकडे वळू. ओवीत तारीख नसते, सालही नसते. तरीही काळ कसा गेला, हे तिच्यातून स्पष्ट कळते. ते कसे?

एक तर ओवीतला काळ वर्तुळासारखा फिरतो. जात्याचा फेरा पुन्हा पहिल्या जागी येतो. त्याप्रमाणे पहाट पुन्हा येते, पावसाळा पुन्हा येतो, पंचमी, गौरी, दिवाळी आणि संक्रांत पुन्हा येतात. या फिरणाऱ्या काळामुळे मनाला धीर मिळतो. या वर्षी माहेरी जाणे झाले नाही, तर पुढच्या वर्षी होईल, अशी आशा त्यात आहे.

परंतु दुसरा एक काळ आहे, तो सरळ पुढे जातो आणि मागे फिरत नाही. तो ओवीमध्ये नात्यांच्या रूपाने दिसतो. घरातील स्त्री एकच, पण वयाबरोबर तिचे नाते पालटत जाते. आरंभी ती लेक असते, मग सून होते, मग आई, पुढे सासू आणि शेवटी आजी. कोवळ्या वयात ती भावाच्या आणि आईच्या ओव्या गाते. पदरी मूल आले की ती राघूच्या आणि मैनेच्या ओव्या गाऊ लागते. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये, म्हणून तिचा जीव थोडा थोडा होतो. पुढे मैना मोठी होते. आणि ज्या वाटेने एके काळी आपण रडत गेलो, त्याच वाटेने आपली लेक जाताना तिला पाहावी लागते. लेकीला निरोप देणाऱ्या आईच्या ओव्यांत म्हणूनच दोन पिढ्यांचे दुःख एकत्र आलेले असते. ‘वीस वर्षे गेली’ असे कोणीही म्हटलेले नाही. पण वाट तीच, चालणारी मात्र निराळी, एवढे दाखविले की वीस वर्षे गेल्याचे आपल्याला समजते.

काळाची तिसरी खूण आहे उणिवेची. आईबाप असेतोवर माहेर भरलेले असते. ते गेले, की घर तेच राहते, अंगण तेच राहते, परंतु दारात येऊन लेकीला जवळ घेणारे कोणी उरत नाही. आता माहेर भावाचे आणि भावजयीचे झाले. तेथे मान मिळेल की नाही, अशी शंका मनात येते. या विषयावर मराठी स्त्रियांनी असंख्य ओव्या रचल्या आहेत. त्यांत मृत्यूचे वर्णन फारसे नसते. रिकामी झालेली जागा तेवढी दाखविलेली असते. जे आहे त्यापेक्षा जे नाही ते दाखवूनही काळाचे चित्र काढता येते, हे येथे आपण शिकतो.

ओव्यांतले घर नेहमी गोडच असते, असे मात्र समजू नये. त्यांत सासुरवास आहे, न संपणारे काम आहे, नणंदेचे टोमणे आहेत, आणि मुलीच्या जन्माने नाराज होणारी माणसेही आहेत. हे सारे त्या स्त्रियांनी झाकून ठेवले नाही. त्यामागची कारणे इतिहासात आहेत. पूर्वी मुलींची लग्ने अगदी लहान वयात होत. ज्या वयात तुम्ही आज शाळेत बसून हा पाठ वाचीत आहात, त्या वयात पुष्कळ मुली सासरी नांदत असत. भारतात १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय किमान १४ वर्षे ठरले. पुढे १९७८ साली ते १८ वर्षे करण्यात आले. बाराचौदा वर्षांची मुलगी परक्या घरी पहाटे उठून दळावयास बसली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. म्हणजे आईला ‘बया’ म्हणून हाक मारणाऱ्या त्या ओव्यांमध्ये एवढी व्याकुळता का आहे, हे तुम्हांला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

घराबाहेरचा काळही ओवीत शिरला. १८५३ साली मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये आगगाडी धावली. हळूहळू लोहमार्ग गावोगावांजवळून गेले आणि जात्यावरच्या ओव्यांतूनही आगगाडी धावू लागली. भाऊ बैलगाडीने येत असे, तो मोटारीने येऊ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी तर अनेक स्त्रियांनी मोठ्या अभिमानाने ओव्या रचल्या. आपल्या घरातील थोर पुरुषाविषयी बोलावे, तशा आपुलकीने त्यांनी त्यांना गाण्यात आणले. इतिहासाची पुस्तके राज्यांची आणि चळवळींची हकिकत सांगतात. तो इतिहास स्वयंपाकघरापर्यंत कसा पोचला, हे ओवी सांगते.

या परंपरेतूनच एक मोठी कवयित्री पुढे आली. तिचे नाव बहिणाबाई चौधरी. त्यांचा जन्म १८८० साली खानदेशात, जळगावजवळील असोदे या गावी झाला. लग्न झाले तेव्हा त्या अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. तरुण वयातच त्यांना वैधव्य आले आणि मुलांचा सांभाळ त्यांनी शेतात राबून केला. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात काम करताना आणि घरात दळताना त्यांना गाणी सुचत. ती त्या आपल्या बोलीत गात. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि आप्तांपैकी काहींनी त्यांतली जमतील तेवढी गाणी कागदावर उतरून घेतली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली. त्यांचे मोल अत्र्यांनी तत्काळ ओळखले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्यांना आपले नावही लिहिता येत नव्हते, त्यांच्या कवितांनी सारा महाराष्ट्र हेलावून गेला. पुढे २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

बहिणाबाईंच्या कवितांचे विषय पाहा. ‘संसार’, ‘माहेर’, ‘घरोट’, ‘खोपा’. घरोट म्हणजे जाते. संसार कसा असतो हे सांगताना त्यांनी चुलीवरच्या तापलेल्या तव्याचा दाखला घेतला; शहाण्यासुरत्या माणसाला जे चार पाने लिहून सांगता आले नसते, ते त्यांनी रोजच्या भाकरीतून सांगितले. आपण ओव्यांमध्ये जी रीत पाहिली, तीच ही. हाताखालची वस्तू घ्यावयाची आणि तिच्यातून सारे आयुष्य दाखवावयाचे. फरक एवढाच की बहिणाबाईंची गाणी लिहून घेणारे कोणी घरात होते, म्हणून ती उरली. ज्यांच्या घरात असे कोणी नव्हते, त्यांच्या गाण्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

विसाव्या शतकात तेलाच्या इंजिनावर आणि नंतर विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या गावोगावी आल्या. हाताने दळण्याचे कष्ट संपले, ही आनंदाचीच गोष्ट झाली. गाण्यासाठी पुन्हा जाते ओढावे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु जाते कोपऱ्यात गेले तशी ओवीही ओठांवरून मावळू लागली. कारण तिला जन्म देणारी पहाटेची ती घटकाच उरली नाही. ज्या ओव्या केवळ कंठात होत्या, त्या गाणाऱ्या आजीबरोबरच नाहीशा होऊ लागल्या.

सुदैवाने काही जाणत्या माणसांनी हे वेळीच ओळखले. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून त्या ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथातून वाचकांपुढे ठेवल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे लोकगीतांचे अनेक संग्रह संपादित केले. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्समधील अभ्यासक गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही केल्या. २०१७ सालापासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयाने महाजालावर सर्वांसाठी खुला करण्यास आरंभ केला. त्यामुळे ज्या आजीने ती ओवी गायिली, तिचा आवाज, तिचे नाव आणि तिचे गाव ही तिघेही आता टिकून राहिली आहेत. शेकडो वर्षे निनावी राहिलेल्या कवयित्रींना उशिरा का होईना, नाव मिळाले.

यापुढे घरावरची एखादी कविता तुमच्या वाचनात आली, तर ती ओव्यांच्या ओळखीने वाचा. या कवितेत कोणती वस्तू वारंवार येते, आणि तिच्यामागे कोणते माणूस उभे आहे, हे पाहा. काळ गेला हे कवीने कशावरून कळविले, सणावरून, वाटेवरून, की एखाद्या रिकाम्या जागेवरून, याचा शोध घ्या. आणि कवीने काय सांगावयाचे मुद्दाम टाळले आहे, याचाही विचार करा. कठीण शब्दांचे अर्थ कोशात मिळतात. या प्रश्नांची उत्तरे मात्र कविता पुन्हा पुन्हा वाचूनच मिळतात.

आणखी एक काम तुमच्याच हातून होण्यासारखे आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादी वृद्ध आजी असेल. तिने स्वतः जाते ओढले नसले, तरी तिच्या आईला दळताना तिने ऐकले असेल. एखाद्या सायंकाळी तिच्याजवळ बसा आणि तिला आठवेल ती ओवी म्हणावयास सांगा. पहिल्याने ती लाजेल, ‘आता कसले आठवते!’ असेही म्हणेल. घाई करू नका. एक ओळ आठवली की तिच्यामागून दुसरी येते. ती ओवी तिच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता वहीत उतरून घ्या. खाली तिचे नाव लिहा, तिच्या माहेरचे गाव लिहा आणि ती ओवी तिने कोणाकडून ऐकली तेही लिहा. कारण आज तुम्ही ती लिहिली नाही, तर उद्या ती विचारावयास कोणाकडे जाल?

अभ्यास

१. ओव्या जात्यावर बसूनच का गायिल्या गेल्या? दोन कारणे सांगा.
२. ‘मुराळी’ म्हणजे कोण? त्याची वाट पाहणाऱ्या बहिणीवरून त्या काळातील स्त्रीजीवनाविषयी काय कळते?
३. ओवीत साल किंवा तारीख नसूनही काळ गेल्याचे कसे समजते? पाठाच्या आधारे तीन रीती लिहा.
४. पिठाची गिरणी आल्याने काय मिळाले आणि काय गमावले, यावर आठदहा ओळी लिहा.
५. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी वडीलमाणसांकडून माहिती मिळवा आणि त्या वस्तूवरून घराची गोष्ट सांगा.